पिच्चर कसा वाटला, असे विचारणारे माणिकराव

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला ‘कसा वाटला?’ असे कोणीही विचारतो. उत्तर ऐकून घेतल्यावर ‘असं का वाटलं?’ म्हणून समोर ठाण मांडणारा माणूस मात्र माझ्या पाहण्यात एकच आला. ते म्हणजे माणिकराव, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. अहमदपूरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे व टेबलासमोर पक्षकारांसाठी एक बाक आहे. निवृत्तीनंतर माणिकरावांनी त्या बाकाच्या डाव्या टोकाचा ताबा घेतला. मी हरकत घेतली नाही, आणि पुढे वहिवाटीने ते टोक त्यांचेच झाले.

नोकरी सुटली तरी गाडी त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. उभे राहताना ते पाय फाकवून, कंबर झाडाच्या बुंध्याला टेकवून उभे राहत. जणू कडुनिंब केव्हाही ब्रेक मारील. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी डोकी मोजत आणि मग नवरदेवाला अक्षता टाकत. माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली तर मी काही बोलण्यापूर्वीच त्यांचा आवाज येई, “मधी जागा हाय, मधी सरका! अर्जनवीसाला हवा येऊ द्या!” ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याही निमूटपणे मध्ये सरकत. मी त्या जागेवर इतकी वर्षे बसून हा अधिकार मला कमावता आला नाही, हे नमूद केले पाहिजे.

त्यांच्या कडकपणाची एक हकीकत तालुक्यात सर्वतोमुखी आहे. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. इंदूवहिनी माहेरी जाण्यासाठी नेमक्या नवऱ्याच्याच गाडीत चढल्या. माणिकराव मागून तिकिटे फाडत आले, त्यांच्यापुढे थांबले आणि म्हणाले, “कुठं?” वहिनी लाजून हसल्या. बाजूच्या बाईने कोपर मारले, “कंडक्टर, घरची हाय की हो तुमची!” माणिकराव म्हणाले, “घरी घरची. गाडीत प्रवासी. कुठं?” वहिनींनी गावाचे नाव सांगितले, पैसे मोजून दिले आणि सुटे परत मागून घेतले. त्यानंतर माहेरी जाताना त्या नेहमी दुसऱ्या गाडीची वाट पाहत. “तेवढंच ह्यांचं तोंड कमी दिसतंय,” असे त्या आमच्या घरी येऊन सांगत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

असा माणूस मायेच्या सिनेमावर लोकांची मते गोळा करीत हिंडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी येणे शक्य नव्हते. परंतु त्याला कारण होते, आणि ते कारण साऱ्या अहमदपूरला ठाऊक होते.

माणिकरावांना एकुलती एक मुलगी, शोभा. नांदेडला एका दवाखान्यात परिचारिका होती. तिथेच रेल्वेच्या कचेरीत कारकून असलेल्या प्रशांत नावाच्या मुलाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा बौद्ध, आणि माणिकराव गावाकडे शेतीवाडी, भावकी व पाटीलकीची आठवण जपून असलेल्या घरातले. भावकीने बैठक घेतली. माणिकराव बैठकीत एकच वाक्य बोलले, “तिकीट एकाच बाजूचं काढलंय तिनं.” त्या दिवसापासून त्यांनी मुलीचे नाव घेतले नाही. इंदूवहिनी फोनवर तिच्याशी बोलत असत. ते त्यांना ठाऊक होते. फोन आला की ते उठून अंगणात जात. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला बोलावून, पुरणाचे धोंडे करून, अनारसे आणि दिव्याचे वाण दिल्याखेरीज बापाला चैन पडत नाही. तो महिना माणिकरावांच्या घरी कोरडा गेला. तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना लागला, आणि त्याच आठवड्यात आमच्या टॉकीजला तो सिनेमा लागला.

सिनेमाची कथा अशी होती. एका अडत व्यापाऱ्याची मुलगी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून जाते. बाप दार लावून घेतो. पुढे त्याची म्हातारी आई आजारी पडते, नातीसाठी झुरते, आणि शेवटी नात दारात येऊन उभी राहते. बाप बराच वेळ आतून कडीवर हात ठेवून उभा असतो. मग दार उघडतो, आणि पडद्यावर अक्षरे येतात की दयेला दार नसते. एवढेच. पण लोक असे रडले की टॉकीजवाल्याने खेळ वाढवले. मोंढ्यातले अडते हिशेब अर्धे टाकून सहकुटुंब जाऊन आले.

माणिकरावांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. नंतर नंतर ते पडद्याकडे पाहतच नव्हते, असे डोअरकीपरने मला सांगितले. ते पहिल्या रांगेपुढे, भिंतीला टेकून, लोकांकडे तोंड करून उभे राहत आणि कोण कुठे रडते ते पाहत. खेळ सुटला की दारात उभे. तिथे ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर गाठत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही सुटका नव्हती.

“पिच्चर बघितलाव का?”

“बघितला की.”

“मंग? बापानं दार उघडलं ते बरं केलं का वाईट?”

“बरंच केलं की कंडक्टर! माया म्हनून काय चीज हाय का न्हाई?”

“का बरं केलं?”

“आता का म्हंजे... पोटची पोरगी हाय.”

“हं. आन् तुमच्या पोटची असती तर?”

येथे उत्तर देणारा घड्याळ पाही, किंवा मला म्हणे, “अर्जनवीस, माझं आधी उरका.”

हे मी पुष्कळ वेळा ऐकले आणि प्रारंभी मला त्याचा उपद्रव वाटला. नंतर मात्र मीही लेखणी थांबवून ऐकू लागलो, कारण एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येऊ लागली. दार उघडले ते वाईट केले, असे एकही माणूस म्हणत नव्हता. खताचा दुकानदार म्हणाला, असे सिनेमे शाळेत दाखवले पाहिजेत. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले की, करुणा हे मूल्य समाजातून लोप पावत चालले आहे, आणि चहा सांगून त्यावर बराच वेळ बोलले. माणिकरावांनी त्यांना शेवटपर्यंत ऐकून घेतले व म्हणाले, “सर, तुमची पोरगी कितवीला हाय?” सरांचा चहा तसाच राहिला.

सर्वांत जास्त रडणारे गृहस्थ होते दिगंबरराव, माणिकरावांचे सख्खे चुलतभाऊ. त्यांनी तर बायको-सुनांना घेऊन दोनदा सिनेमा पाहिला होता. ते सातबाराच्या कामासाठी माझ्याकडे आले तेव्हा माणिकरावांनी त्यांनाही सोडले नाही.

“दिगंबर, तुला रडताना बघितलं मी.”

“रडू यीना का? दगडाला पाझर फुटंल असा पिच्चर हाय.”

“मंग मी आणू का शोभीला? धोंडा लागलाय. जावयासकट आणतो.”

दिगंबरराव माझ्याकडे पाहू लागले. मी कागदाकडे पाहू लागलो.

“माणिक, तसलं बोलू नको. माझा धाकटा लग्नाचा हाय. उद्या सोयरे इचारतील, तुमच्यात असं चालतंय का म्हणून. पोरगी कोण देईल त्याला?”

“पण तू तर रडलास.”

“पिच्चर येगळा, घर येगळं!” दिगंबरराव उठले. “तू जर हे केलंस तर तुझ्या दारात आमी यायचो न्हाई. आधीच सांगून ठिवतो.”

ते गेल्यावर माणिकराव त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मला वाटले, दुखावले. पण ते विचार करीत होते. मग म्हणाले, “अर्जनवीस, त्या पिच्चरात एक चूक हाय.”

“कोणती?”

“त्या बापाला भावकीच न्हाई. एक चुलता दाखवला असता ना, तर मध्यांतरातच ‘समाप्त’ म्हणून पाटी आली असती. आन् दयेला दार नसतंय म्हणे! घराला असतंय की.”

त्यानंतर एके दिवशी त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारले की, एवढ्या लोकांनी बापाची बाजू घेतली आहे, तर या सर्वांचे मिळून एक निवेदन करता येईल किंवा कसे. मी म्हणालो, “करता येईल. निवेदन कोणाला द्यायचे?” कारण अर्जावर ‘प्रति’ म्हणून कोणाचे तरी नाव लागते, त्याखेरीज अर्ज उभा राहत नाही. माणिकराव म्हणाले, “तेच तर मला कळंना झालंय.” भावकीला द्यावे तर भावकीनेच त्यावर सह्या केलेल्या असणार. तो विषय तेवढ्यावरच थांबला.

महिना सरत चालला होता. इंदूवहिनी काही बोलत नव्हत्या, पण त्यांनी अनारशाचे तांदूळ भिजत घातले होते. माणिकरावांनी “हे कुणासाठी?” असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अनारशाला वेळ लागतो. भिजवा, वाळवा, कुटा, मुरवा. तुमच्या विचारासारखंच हाय त्याचं. पण पीठ शेवटी तळावं लागतंय. ठिवून ठिवून आंबतंय ते.” ही हकीकत माणिकरावांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बायकोविषयी एक प्रकारचे नवल होते. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या चेहऱ्यावर असे नवल मी फारसे पाहिलेले नाही.

ज्या प्रश्नाने हा गुंता सुटला, तो प्रश्न एका नवविवाहित मुलीने केला. ती आणि तिची सासू शिधापत्रिकेत सुनेचे नाव लावण्यासाठी आल्या होत्या. मी अर्ज लिहीत असताना माणिकरावांनी आपले नेहमीचे सुरू केले. सासू म्हणाली, लई चांगला पिच्चर, मी पदर भिजवला. सून म्हणाली, “मला तर त्या पोरीचा राग आला.”

“पोरीचा?” माणिकराव पुढे सरकले. हे उत्तर त्यांना अद्याप कोणी दिले नव्हते.

“मंग काय! बापानं दार उघडलं की लगेच पाया पडून आत गेली. मी असते तर उंबऱ्यावर उभी राहून इचारलं असतं, इतकी वर्षं दार कुणी लावलं व्हतं? आन् मला आत यायचंय का न्हाई, हे तुमी इचारलाव का कुणी?”

सासूने तिला कोपर मारले. “बघा हो, माझ्या घरात असली आणलीय!” पण ती हसत होती, आणि सूनही हसत होती. मी सुनेचे नाव अर्जात लिहिले, त्या सही करून गेल्या. माणिकराव मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली.

“अर्जनवीस,” ते म्हणाले, “टॉकीजमधल्या समद्यांना इचारलं मी. ज्यांना इचारायचं, ते दोघं नांदेडला हायत.”

येत्या रविवारी त्यांच्याबरोबर नांदेडला चलावे, अशी त्यांनी मला गळ घातली. वहिनींना का नेत नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “ती म्हणती, मी आले तर शोभी मलाच बघंल. तुमी एकटे तिच्या म्होरं उभे ऱ्हावा. पण मला एकट्याला धीर होईना. तुमी साक्षीदार म्हणून चला.” साक्षीदार या नात्याने मी गेलो, आणि पुढील हकीकत मी स्वतः पाहिलेली आहे.

हातात अनारशांचा डबा, फडक्यात बांधलेले पुरणाचे धोंडे आणि चांदीचा लहानसा दिवा. नांदेडला उतरून ऑटोने आम्ही रेल्वे कचेरीच्या मागल्या वस्तीत त्या घरापाशी गेलो. आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. दार वाजवण्याची तयारी त्यांनी केली होती; पण उन्हाळ्यामुळे दार सताड उघडे होते, नुसता पडदा लावलेला. वाजवावे असे काही नव्हतेच. ते पडद्यासमोर उभे राहिले, बोट उचलून.

आतून एक वयस्कर बाई आल्या. प्रशांतच्या आई, गयाबाई. त्यांनी माणिकरावांकडे एकदा पाहिले आणि ओळखले. शोभाकडे फोटो असणार. “उन्हात कामून उभे ऱ्हायलाव, व्याही? या की आत. चपला राहू द्या तितंच.”

आम्ही खुर्च्यांवर बसलो. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. गयाबाईंनी पाणी दिले. माणिकरावांच्या तोंडून सवयीने निघून गेले, “तुमी त्यो पिच्चर बघितलाव का, बापाचा?”

मी डोळे मिटून घेतले. पण गयाबाईंना ते विचित्र वाटले नाही. “बघितला. पोरानं नेलं व्हतं. चांगला हाय, पर त्यो बाप लई रडतो. पोरगी इतकी वर्षं कशी ऱ्हायली, कुणी तिला भाकर दिली, ते काई दाखवलंच न्हाई. समदं ह्याचंच रडणं.”

माणिकरावांनी ‘का’ विचारले नाही. खाली पाहिले.

तेवढ्यात शोभा आतून आली. ती कामावर निघण्याच्या तयारीत असावी, वेणी घालता घालता थांबली होती. बापाकडे पाहून ती रडली नाही, पाया पडली नाही. म्हणाली, “आई बरी हाय का?”

“हाय.”

“जेवून निघालाव?”

“न्हाई.”

ती खाटेच्या कडेवर बसली. “आई फोनवर सांगत व्हती. साऱ्या गावाला पिच्चरचं इचारायलाव म्हणून. मंग तुमी पिच्चर बघून आलाव का मला बघायला?”

प्रशांत आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. त्यालाही उत्तर ऐकायचे होते, आणि मलाही. शेकडो माणसांना प्रश्न विचारलेला हा माणूस उत्तर देताना कसा दिसतो, हे कोणीच पाहिले नव्हते.

“लोकांनी हाव म्हणावं म्हणून थांबलो व्हतो,” माणिकराव म्हणाले.

“मंग म्हणले का?”

“पिच्चरला म्हणले. मला न्हाई म्हणले.”

“दिगूकाका?”

“त्यो तर दारात येणार न्हाई म्हणला.”

“मंग तरी कसे आलाव?”

माणिकरावांनी हात पसरले. “आलो.”

मग माणिकरावांनी डबा, फडके आणि दिवा समोर मांडला. धोंड्याचे वाण जावयाच्या हाती देण्यासाठी ते दिवा उचलून उठले. प्रशांत पुढे आला, त्यांच्यासमोर जरा वाकला आणि शांतपणे म्हणाला, “बाबा, राग मानू नका. आमी धोंडा पाळत न्हाई. वाण म्हणून मला हे घेता यायचं न्हाई. पण जेवायला म्हणून आणलं असंल तर पुरण मला लई आवडतं.”

माणिकराव दिवा हातात धरून उभे. हा मुलगा आपल्याला नाकारतो आहे की बसवून घेतो आहे, हे त्यांना उमगत नव्हते. त्या क्षणी मलाही उमगले नाही. महिनाभर बाप दार उघडील किंवा नाही, याचीच चौकशी झाली होती. उघडल्यावर समोरच्या माणसाचेही काही म्हणणे असू शकते, याची तयारी कोणी केली नव्हती. शोभाने उठून त्यांच्या हातातला दिवा घेतला, फडक्यात गुंडाळला आणि परत त्यांच्या पिशवीत ठेवला. मग डबा उघडला. “आईनं केल्यात?” तिने एक अनारसा उचलून उभ्या उभ्या खाल्ला. खसखस तिच्या ओठाला लागली. “जरा कडक झाल्यात,” ती म्हणाली. आणि तिने दुसरा उचलला.

आम्ही जेवलो. गयाबाईंनी धोंडे वाफवून वाढले आणि सोबत त्यांच्या हातची झणझणीत आमटी. माणिकरावांना घाम फुटला, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. निघताना शोभा पडद्यापर्यंत आली. म्हणाली, “बाबा, आता येताना रिकाम्या हातानं यायचं.”

ऑटोची वाट पाहत असताना माणिकरावांनी मला विचारले, “तुमच्या भाषेत सांगा, अर्जनवीस. दिवा परत दिला, म्हंजे नामंजूर. अनारसे ठिवून घेतले, म्हंजे मंजूर. मंग निकाल काय म्हणायचा?”

मी म्हणालो, “अंशतः मंजूर.”

“आन् रिकाम्या हातानं या म्हणली, त्यात ‘या’ हाय ना?”

“आहे.”

“हाय ना?” त्यांनी पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा सांगितले.

दिगंबररावांनी आपला शब्द खरा केला. त्यांच्या धाकट्याच्या लग्नाची पत्रिका माणिकरावांना आली नाही. टॉकीजवरचा सिनेमा उतरला आणि माणिकरावांनी मते विचारणे बंद केले. बाकावर ते नुसते बसत, लोकांना मध्ये सरकवत. पुढे दिवाळीनंतर ते आणि इंदूवहिनी नांदेडलाच मुलीजवळ खोली घेऊन राहायला गेले. त्यामुळे आज मला आठवतात ते माणिकराव, आमच्या नांदेडच्या त्या भेटीनंतरच्या रविवारचे.

मी काही कामाने बसस्थानकात गेलो होतो. ते नांदेडच्या गाडीची वाट पाहत उभे होते. इंदूवहिनी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन मागोमाग आल्या होत्या. “एवढं तरी न्या!” त्या म्हणत होत्या, आणि माणिकराव मान हलवत होते. “न्हाई. तिनं काय सांगितलंय ते तुला ठाऊक हाय.” पिशवी नाही, छत्री नाही, साधे फडकेही नाही. आयुष्यभर ज्याच्या हातात काही ना काही असे, त्या माणसाला आपल्या हातांचे काय करावे ते समजत नव्हते. त्यांनी ते खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले, पुन्हा सोडले. गाडी आली. ते चढले आणि खिडकीपाशी बसले. बरणी घेऊन वहिनी खाली उभ्या होत्या. गाडी वळली तेव्हा मला दिसले, माणिकरावांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले होते आणि ते त्या रिकाम्या तळव्यांकडेच पाहत होते.